चिखलाच्या रेषेवर: सातारा-सांगलीच्या तलावांवर पाणकाठचे पक्षी पाहणे आणि टिपणे

तलाव काठोकाठ भरलाय असं कळलं की हौशी मंडळी दुर्बिणी घेऊन निघतात आणि बगळे, पाणकावळे नि लांबवर तरंगणारी चार बदकं बघून परत येतात. शेकाट्या, चिखल्या, तुतारी, टिलवा या पाणकाठच्या पक्ष्यांना, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या बोलीत वेडरना, भरलेलं पाणी नको असतं. पाणी नुकतंच सरकून उघडा पडलेला चिखल त्यांना लागतो. चिलटांच्या अळ्या, बारीक शंख, किडे हे सगळं त्या ओल्या गाळात असतं. गाळ वाळून वर पापुद्रा धरला की चोच आत जात नाही, आणि पाणी वीतभर चढलं की बहुतेकांचे पाय पुरत नाहीत. त्यामुळे सगळी आखणी पाण्याच्या कडेच्या चार-पाच मीटर रुंद पट्ट्याभोवती करायची. तारीख आणि सुट्टी नंतर बघायची.

कोकणात हा पट्टा भरती-ओहोटी दिवसातून दोनदा उघडते नि झाकते. खटाव, माण, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्यातल्या तलावांत तेच काम वर्षातून एकदाच होतं. परतीच्या पावसाने भरलेलं पाणी शेतीपंप, कालवे आणि ऊन मिळून मेपर्यंत खाली नेतात. पाणी जसजसं मागे जातं तसतसा नवा चिखल उघडतो, आणि पक्षी त्या रेषेबरोबर सरकत राहतात.

कोणता तलाव, त्यातला कोणता कोपरा

सातारा जिल्ह्यात पहिलं नाव मायणीचं. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी हे खटाव तालुक्यातले तलाव एकमेकांपासून फार लांब नाहीत, आणि मायणी परिसराला २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात इथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात म्हणून गर्दी होते. ही गर्दी बहुतेक वेळा रोहितांवरच खिळलेली असते, आणि पायापाशी पळणारे टिलवे कुणाच्या खिजगणतीत नसतात. साताऱ्याहून वडूजमार्गे आणि सांगलीहून विटामार्गे गेलं की दोन-तीन तलाव एका दिवसात होतात. माण आणि आटपाडीच्या सीमेवरचा राजेवाडीचा तलाव, ज्याला म्हसवडचा तलावही म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळी कामांतला. त्याचा पसारा मोठा असल्यामुळे तिथे स्पॉटिंग स्कोपशिवाय, म्हणजे तिकाटणीवर लावायच्या एकनळी दुर्बिणीशिवाय, निभाव लागत नाही.

सांगली जिल्ह्यात आणखी दोन जागा आहेत ज्या लोक विसरतात. एक म्हणजे कृष्णेच्या पात्रातली वाळूची बेटं. दुसरी म्हणजे मिरज, पलूस, वाळवा भागातली क्षारपड जमीन. उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून उपळलेली, पांढरी खार फुटलेली ही रानं शेतकऱ्याच्या जिवावर उठलेली असतात, पण त्यांतल्या उथळ डबक्यांवर शेकाट्या आणि तुताऱ्या हमखास मिळतात. ती रानं खाजगी असतात. मालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नये.

तलावावर पोचल्यावर धरणाच्या भिंतीकडे गाडी लावायचा मोह होतो, कारण रस्ता तिथेच जातो. भिंतीजवळ पाणी खोल आणि काठाला दगडी पिचिंग. तिथे सामान्य तुतारी, एखादा धोबी आणि खंड्या यापलीकडे काही मिळत नाही. चिखल असतो तो उलट्या टोकाला, ओढा किंवा नदी जिथे तलावात येते त्या फुगवट्याच्या शेपटाला. नदी गाळ तिथेच टाकते, उतार सपाट असतो, आणि पाणी बोटभर उतरलं तरी कित्येक मीटर चिखल उघडा पडतो. सांडव्याखालची डबकीही एकदा बघून घ्यावीत. हिरवी तुतारी एकटीदुकटी तिथेच असते.

निघण्याआधी पाणी बघा

पूर्वी जानेवारीत पाणी उतरणारच, असं धरून चालता यायचं. आता तसं राहिलेलं नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांचं पाणी दुष्काळी भागात खेळू लागलं. लोकांच्या दृष्टीने ते सोन्यासारखं, पण वेडर बघणाऱ्याचं गणित त्याने बदललं. आवर्तन सुटलं की फेब्रुवारीत उघडा असलेला चिखल चार दिवसांत पाण्याखाली जातो आणि तिथले पक्षी रातोरात शेजारच्या तलावावर निघून जातात. म्हणून घरूनच खात्री करायची.

सगळ्यात खात्रीचा मार्ग उपग्रहाचा. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची छायाचित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी नवीन. तलाव शोधून ढगांचं प्रमाण वीस टक्क्यांखाली ठेवा, ताजी तारीख निवडा, आणि फॉल्स कलर पर्याय लावा. पाणी काळं-निळं, हिरवळ लाल, ओला चिखल राखाडी दिसतो. मग महिन्याभरापूर्वीचं चित्र उघडून दोन्हींची तुलना करा. पाण्याची कड आत सरकलेली असेल तर चिखल ताजा आहे. कड जागेवरच असेल तर काठ वाळून कडक झालेला असणार. कड बाहेर आली असेल तर दुसरा तलाव बघा. एक ठिपका दहा मीटरचा असतो, त्यामुळे अरुंद पट्टा दिसणार नाही, पण कोणत्या कोपऱ्यात सपाट चिखल आहे हे स्वच्छ कळतं. गूगल अर्थवरचं चित्र या कामाला निरुपयोगी. ते कोणत्या साली, कोणत्या ऋतूत घेतलं हे बघितलं की का ते समजेल.

गावात कुणी ओळखीचं असेल तर एकच प्रश्न विचारा: गाळपेर कुठपर्यंत आली? पाणी हटलेल्या तलावाच्या पोटात लोक हरभरा, मका, कलिंगड करतात. गाळपेरीची शेवटची सरी आणि पाणी यांच्यामधला पट्टा म्हणजेच आपली जागा.

वर्षाचं वेळापत्रक

हिरवी, ठिपकेदार आणि सामान्य तुतारी ऑगस्टच्या अखेरीसच येतात. तेव्हा तलाव भरत असतात, म्हणून ती ओढ्यांवर आणि शेतातल्या डबक्यांवर विखुरलेली असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर बदकांचा. वेडरचा खरा हंगाम डिसेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत, आणि कमी पावसाच्या वर्षी महिनाभर आधी.

मार्च-एप्रिलकडे लोक ऊन म्हणून पाठ फिरवतात, ते चुकीचं. परतीच्या आधी टिलव्यांच्या पाठीवर तांबूस कडा येतात, गॉडविट या लांब चोचीच्या वेडरची मान विटकरी होते. पाणी कमी राहिल्याने सगळे एका जागी दाटीने मिळतात. तेव्हाच इथले कायमचे रहिवासी, म्हणजे टिटवी, कंठेरी चिखल्या, शेकाट्या, अंडी घालायच्या तयारीत असतात. मार्च ते जून वाळल्या गाळावर आणि खडीवर पाय बघून टाकायचा. चिखल्याचं अंडं खड्यात खडा होऊन बसलेलं असतं.

ओळखायचं कसं

रंगापासून सुरुवात केली की घोळ होतो, कारण हिवाळ्यात सगळेच करडे-तपकिरी. आधी पक्षी कुठे उभा आहे ते बघा. पोटापर्यंत पाण्यात उभा तो शेकाट्या, गॉडविट किंवा रफ. घोट्याएवढ्या पाण्यात ग्रीनशँक, मार्श सँडपायपर, ठिपकेदार तुतारी. पाण्याचा नुसता पातळ थर आहे तिथे टिलवे. ओल्या पण पाणी नसलेल्या चिखलावर चिखल्या. आणि तडकलेल्या कोरड्या गाळावर टिटवी, करवानक, आर्ली. पक्षी या पट्ट्या ओलांडतात, पण पोट भरायला आपल्याच पट्टीत येतात.

मग चाल. चिखल्या पळतो, थबकतो, टोचतो, पुन्हा पळतो. तो डोळ्याने शिकार शोधतो. टिलवा थांबतच नाही, मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईगत टोचत पुढे जातो. सामान्य तुतारीचं ढुंगण सतत वरखाली. ग्रीनशँक पाण्यातून धावत माशांची पिल्लं पकडतो.

आता ज्या जोड्यांत सगळे फसतात त्या.

तीन तुताऱ्या: सामान्य तुतारीच्या छातीचा पांढरा रंग खांद्यापुढे वर चढलेला असतो, आणि ती उडताना पाण्यालगत ताठ पंखांनी फडफड-तरंग करत जाते. ठिपकेदार तुतारीच्या पाठीवर ठिपके, पाय पिवळसर, भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत लांब. हिरवी तुतारी गडद, भुवई डोळ्यापुढेच संपते, आणि उडाली की पंखांची खालची बाजू जवळजवळ काळी दिसते. ठिपकेदारची फिकट दिसते. उडालेल्या पक्ष्याचा एक बरा-वाईट फोटो या जोडीचा निकाल लावतो.

दोन टिलवे: छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट-हिरवट. पाय चिखलाने माखले की दोन्ही काळेच दिसतात, आणि इथेच यादीत चुका शिरतात. मग छाती बघा. टेमिंकची छाती सलग करडी, वरची बाजू साधी, वावर गवताळ काठाला, बहुधा एकटा. छोट्याच्या छातीचा मध्य पांढरा, पाठीवर जास्त नक्षी, आणि तो थव्यात. टेमिंकच्या शेपटीच्या कडेची पिसं पांढरी, ती उतरताना शेपटी पसरली की दिसतात.

दोन चिखल्या: कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवती पिवळं कडं, गळ्यात पूर्ण पट्टा. केंटिश चिखल्याचा पट्टा पुढे तुटलेला, पाय काळसर, डोळ्याभोवती पिवळं काही नाही.

ग्रीनशँकची चोच जाड बुडाची, किंचित वर वळलेली, आणि उडताना तीन सुरांची खणखणीत शीळ. मार्श सँडपायपर त्याचंच सडपातळ रूप, चोच सरळ आणि सुईइतकी बारीक. रफ नवख्यांना सगळ्यात जास्त छळतो, कारण नर मादीपेक्षा बराच मोठा असतो आणि एकाच थव्यात दोन वेगळे पक्षी असल्यासारखे वाटतात. लहान डोकं, पुढे आलेलं पोट आणि पाठीवर खवल्यांसारखी पिसं दिसली की रफ म्हणा. पाणलावा गवतात बसून राहतो आणि पायाखालून उडतो. त्याच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये.

सामान, आणि परातीचा जुगाड

दुर्बीण ८x४२ किंवा १०x४२. वेडरसाठी १० बरी, पण हात थरथरत असतील तर ८. मोठ्या तलावावर २०-६० पट मोठं दाखवणारा स्कोप गटात एक असला तरी पुरे.

कॅमेऱ्याचं गणित आधीच करून ठेवावं. टिलवा चोचीपासून शेपटीपर्यंत १३ सेंमी. ६०० मिमी लेन्स आणि क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर घेऊन १५ मीटरवरून टिपला तर तो चौकटीच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग भरतो. ३० मीटरवर आठवा भाग. शेकाट्या मात्र ३० मीटरवरूनही तिसरा हिस्सा भरतो. त्यामुळे ४०० मिमी लेन्स असेल तर टिलव्याच्या मागे न लागता शेकाट्या, ग्रीनशँक, टिटवी यांच्यावर हात बसवावा. अंतर लेन्सने नाही, बसून राहण्याने कमी होतं.

वेडरचा फोटो डोळ्याच्या पातळीवरून घ्यायचा, म्हणजे पोटावर झोपून. उभ्याने घेतलेल्या फोटोत पक्षी चिखलात चिकटवलेला दिसतो. जमिनीलगत आलात की मागचा चिखल विरघळतो आणि पाण्यातलं प्रतिबिंब उभं राहतं. ट्रायपॉड इतका खाली जात नाही. त्यावर परात हा स्वस्त उपाय आहे. घरातली जुनी, काठ उभे असलेली १२-१४ इंची स्टीलची परात घ्या. मधोमध भोक पाडून ३/८ इंची, इंचाला १६ आट्यांचा बोल्ट खालून वर घाला, वॉशर आणि नटने आवळा, वर ट्रायपॉडचं हेड फिरवून बसवा. परात चिखलावर सरकत जाते, लेन्स ओली होत नाही. १० मिमीचा बोल्ट जोर लावून घुसवू नका. हेडचे आटे जातात. बोल्टची टोपी खाली बाहेर आलेली चिखलात नांगर धरते, म्हणून चपट्या टोपीचा बोल्ट निवडा.

गाडीतून किंवा बांधावरून टिपायला बीनबॅग. जीन्सच्या पायाचा तुकडा दोन्हीकडून शिवून त्यात दोन किलो शाळू भरा, पाव भाग रिकामा ठेवा. गच्च भरली तर लेन्स तिच्यावर लोळते. भिजली तर दोन दिवसांत दाणे कुबट होतात, म्हणून आत प्लास्टिकची पिशवी.

अंगाखाली उसवलेलं खताचं पोतं. मातकट पूर्ण बाह्यांचा शर्ट, तशीच टोपी. हातात पाच फुटी काठी, जिचा उपयोग पुढे येतोच.

पहाटेपासून नऊपर्यंत

१. उजाडायच्या अर्धा तास आधी पोचा. सकाळी तलावाच्या पूर्व काठावर बसा, म्हणजे सूर्य पाठीशी आणि पक्षी समोर उजेडात. संध्याकाळी पश्चिम काठ. या एका गोष्टीवर निम्मे फोटो तरतात किंवा बुडतात.

२. काठावर उतरण्याआधी लांबून दहा मिनिटं नुसतं बघा. थवा चिखलाच्या रेषेने एका दिशेला चरत जातो. तो जिकडे जातोय तिकडे ३०-४० मीटर पुढची जागा हेरा.

३. चिखल काठीने तपासा. काठी सहज वीतभरापेक्षा खोल गेली तर पुढे पाऊल नाही. फुगवट्याकडचा गाळ फसवा असतो: वर भेगाळलेला पापुद्रा, खाली लोणी. अडकलात तर पाय ओढू नका, ओढल्याने पोकळी धरते. मागे बसा, वजन पसरा, घोटा गोलगोल हलवत पाय सैल करा, काठी आडवी टाकून तिच्यावर जोर द्या. एकट्याने अशा काठावर जाऊ नये.

४. हेरलेल्या जागी थव्याला लांबचा वळसा घालून जा. थव्याच्या रोखाने सरळ चाललात की संपलं. शेवटचे वीस मीटर गुडघ्यावर, मग पोटावर. पाण्याच्या कडेपासून तीन-चार मीटर आत थांबा. कडेलाच झोपलात तर पक्ष्याची वाट तुम्हीच अडवता.

५. आता हलायचं नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच घडत नाही. मग आधी धोबी येतो, त्यामागे चिखल्या, मग टिलवे. कधी कधी टिलवा लेन्स धरू शकणार नाही इतका जवळ येतो.

६. टिटवीवर कान ठेवा. तलावाची राखणदार तीच. तिने बोंब मारली की बाकीच्यांच्या माना वर होतात. अशा वेळी सरकत असाल तर जागीच थांबा, तिचा आवाज बंद होऊन पाच मिनिटं होऊ द्या.

माना वर, चरणं थांबलेलं, सगळे एकाच दिशेला तोंड करून चालू लागलेले, एखाद्याने पंख उचलून पुन्हा मिटलेले: ही उडण्याआधीची खूण आहे. इथे मागे सरकलात तर थवा राहतो. उडताना फोटो हवेत म्हणून थवा उठवणं हा शुद्ध हलकटपणा आहे. हिवाळ्यातली चरबी साठवून हे पक्षी हजारो किलोमीटर उत्तरेला जातात, आणि प्रत्येक उडवणीत त्यातलीच शिल्लक खर्च होते. पंखांचे फोटो हवे असतील तर पाणथळी भोवत्या हा शिकारी पक्षी यायची वाट बघा. तो काठावरून एक चक्कर मारतो आणि सगळा तलाव आपोआप हवेत उठतो.

साडेनऊ-दहाच्या सुमाराला मेंढ्या पाण्यावर येतात. कळप आला की काठ मोकळा होतो, तेव्हा वाद न घालता चहा प्यावा. तलाव त्यांचाही आहे. म्हशींचं मात्र उलटं. चरणाऱ्या म्हशीला वेडर भीत नाहीत, तिच्या खुरांनी उकरलेल्या चिखलावर उलट गोळा होतात.

माणसं येणारच. कॅमेऱ्याची तिकाटणी दिसली की पहिला संशय सर्व्हेचा असतो. "काय पावनं, मोजनी हाय का?" "न्हाय आबा, पाखरं बघतोय. या, बघा की तुमीबी." दुर्बीण त्यांच्या हातात दिली की पुढच्या खेपेला पाण्याची खबर फोनवर मिळते. गाळपेरीतून चालताना सरीच्या कडेने जा, पंपाच्या पाइपावर पाय देऊ नका. संवर्धन राखीव क्षेत्रात वनखात्याच्या माणसाला विचारूनच चिखलात उतरा, आणि ड्रोन घरी ठेवा.

कॅमेऱ्याची मांडणी

चरणाऱ्या पक्ष्याला शटर १/१०००च्या खाली नको. टिलव्याची मान इतकी जलद हलते की १/१६००ला सुद्धा चोच कधी कधी पुसट येते. उडणाऱ्याला १/२५००, टिलव्यांच्या थव्याला १/३२००. छिद्र एफ ६.३ ते एफ ८. १५ मीटरवर ६०० मिमी लेन्सला एफ ६.३ ठेवलं तर जेमतेम १५ सेंमी खोली स्पष्ट येते, म्हणजे आडवा उभा टिलवा पुरता बसतो, तिरका उभा शेकाट्या बसत नाही. सूर्य उगवून पाऊण तास झाला की १/१२५०, एफ ६.३, आयएसओ ८०० इथून सुरुवात करून बघा.

उजेड मोजण्यात वेडर दोन्हीकडून मारतात. काळ्या गाळावर शेकाट्या असेल तर कॅमेरा गाळ उजळायला जातो आणि पोटाचा पांढरा रंग जळतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन-तृतीयांश ते उणे एक स्टॉप द्या. चकाकत्या पाण्यावर तपकिरी तुतारी असेल तर उलट, अधिक दोन-तृतीयांश. पक्षी दर मिनिटाला गाळातून पाण्यात नि पाण्यातून गाळात जातो, म्हणून सरळ मॅन्युअलवर या: पांढऱ्या शेकाट्यावर जळल्याची सूचना यायच्या किंचित आधी थांबा आणि उजेड बदलेपर्यंत तीच मांडणी सगळ्यांना वापरा. आयएसओ ऑटोवर असेल तर मॅन्युअलही पार्श्वभूमीनुसार हलतं, तो बंद करा. फाइल रॉमध्ये.

फोकसचा एकच छोटा चौकोन, डोळ्यावर. डोळा ओळखणारी यंत्रणा असली तरी ठिपकेदार पाठीवर ती चकते. चौकट थोडी मोकळी ठेवा, कारण प्रतिबिंबाचे पाय कापले गेले की फोटो लंगडा होतो.

फोटो मऊ का येतात

शटर भरपूर, फोकस डोळ्यावर, तरी पिसं विरघळलेली. नवी लेन्स घ्यायला निघण्याआधी घड्याळ बघा. फेब्रुवारीत नऊ-साडेनऊनंतर काळा गाळ तापतो आणि त्यावरची हवा थरथरू लागते. झोपून टिपणाऱ्याला हे जास्त बाधतं, कारण त्याची नजर जमिनीलगतच्या त्याच हवेतून जाते. याला कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये औषध नाही. अंतर १५ मीटरच्या आत आणा, नाहीतर बंद करा आणि चारनंतर या. कडक थंडीत पहाटेही असंच होतं, जेव्हा पाणी हवेपेक्षा उबदार असतं आणि त्यातून वाफ उठते.

दुसरं कारण समोरचं. पोटावर झोपल्यावर लेन्सपुढे दोन हातांवरचं गवताचं पातं दिसत नाही, पण चित्रावर धुरकट डाग पाडतं. झोपण्याआधी समोरचं गवत हाताने आडवं करा, उपटू नका. तिसरं, एसी गाडीतून काढलेली लेन्स: शेवटचे पाच किलोमीटर काचा उघड्या ठेवा, प्रश्न मिटतो. आणि काचेवर चिखल उडाला तर तो वाळू द्या, फुंकणीने उडवा, मगच ओलं कापड. ओला असताना पुसलात की गाळातले वाळूकण काचेवर रेघा ओढतात.

कृष्णेचं पात्र: इथे झोपायचं नाही

औदुंबर, भिलवडीपासून सांगलीपर्यंत कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्ले झालेले आहेत. तलावावरची पोटावर सरकण्याची रीत नदीकाठी एकदम बंद. पूल, घाटाच्या वरच्या पायऱ्या, उंच दरड, किंवा जाणत्या नावाड्याची नाव, एवढंच. मगरी उन्हाला येतात त्याच वाळूवर नदी सुरय आणि छोटा आर्ली बसतात.

इथलं पाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर अवलंबून. बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या बाजूची बेटं बुडतात, म्हणून बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला बघा. कोयनेचं पाणी सुटलं तर तीही जातात. एप्रिल-मेमध्ये बेटावर सुरय डोक्यावर झेपावू लागली तर खाली अंडी आहेत; नाव तिथूनच वळवायची. भर उन्हात आई पाच-दहा मिनिटं उठून राहिली तरी अंडी शिजतात.

घाट उतरून कोकणात गेलात तर

कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरला की हिशेब तासांचा होतो. एका भरतीपासून पुढची ओहोटी सव्वासहा तासांच्या आसपास, आणि रोजची वेळ साधारण पाऊण तासाने पुढे. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकातून घ्या, पण तारीख निवडायला हा हिशेब पुरतो. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती-ओहोटी) चिखल खूप लांबवर उघडतो आणि पक्षी ठिपके होतात. भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) दिवसांत ते त्यामानाने जवळ राहतात. ओहोटी पुरती लागलेली असताना चिखलात चालत जाऊ नका. भरतीच्या दोन-अडीच तास आधी वरच्या काठाशी बसा, पाणीच पक्ष्यांना तुमच्याकडे रेटत आणतं. भरती पूर्ण झाली की ते एका कोरड्या जागी दाटीने विसावतात. त्या विश्रांतीच्या जागेपासून लांब राहायचं.

नोंद

वहीत तारीख, वेळ, तलाव, पाण्याची कड कुठे होती आणि गाळपेर किती होती हे आधी लिहा, मग पक्षी. थवा मोजताना दहा पक्षी मोजून ते केवढी जागा व्यापतात ते डोळ्यात बसवा, आणि तेवढे तुकडे पाडत जा. टिलवे वेगवेगळे ओळखता आले नाहीत तर टिलवा, जात अनिश्चित, असंच लिहा. जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेला, जी १९८७ पासून चालू आहे, अशा नोंदी उपयोगी पडतात, आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या तर वर्षभर.

पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी बसवलेलं कडं किंवा रंगीत झेंडी दिसली तर सुंदर फोटोचा नाद सोडून पायाचे दहा-बारा फोटो घ्या. झेंडी कोणत्या रंगाची, डाव्या पायात की उजव्या, सांध्याच्या वर की खाली, दोन असतील तर वरची कोणती, अक्षरं कोणती. वेडर बऱ्याचदा एक पाय पोटात घेऊन उभा असतो, तेव्हा दुसरा पाय दिसेपर्यंत थांबा. एका पायाची नोंद अर्धवट ठरते. ही माहिती जागा आणि तारखेसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे कळवायची.